टी-शर्टवरचा डॉल्फी आणि मी विचारलेला प्रश्न

मंद्र_षड्ज:

मंडळी, चार दिवस झाले एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

माझी भाची यंदा अठराची झाली. परवा घरी आली तेव्हा अंगात जॅझ सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या 'आउट टु लंच' या रेकॉर्डचं कव्हर छापलेला टी-शर्ट. ज्यांनी हे कव्हर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुकानाच्या काचेच्या दाराला आतून लटकवतात तशी पाटी. वर 'परत येतोय' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि खाली वेळ दाखवायला घड्याळाची तबकडी. पण तबकडीवर नेहमीचे दोन काटे नाहीत. बरेच काटे आहेत आणि प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. परत येणार म्हणजे कधी, त्याचा काही पत्ता लागत नाही. सगळं चित्र निळसर.

ही रेकॉर्ड मी पंचवीस वर्षं ऐकतोय. आमच्या घरात तिचं नाव माझ्याशिवाय कधी कुणी घेतलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तोंडून काय निघालं, तर "यातले तीन ट्रॅक सांग बरं."

ती गप्पच झाली. मग म्हणाली, "चित्र आवडलं म्हणून घेतला, मामा." एवढंच. थोड्या वेळाने बघतो तर जॅकेट चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेली. उकाडा होता, बाकी सगळे वारा घेत होते आणि ही जॅकेटात. माझ्या एका प्रश्नामुळे तिने तो शर्ट झाकला. हे मला फार लागलंय.

डॉल्फीने ही रेकॉर्ड २५ फेब्रुवारी १९६४ रोजी ध्वनिमुद्रित केली. एप्रिलमध्ये बासवादक चार्ल्स मिंगसच्या ताफ्याबरोबर युरोपला गेला, तिथेच राहायचं ठरवलं आणि २९ जूनला बर्लिनमध्ये मधुमेहाने गेला. वय ३६. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तो नव्हता. ही पाटी आणि हे काटे बघितले की मला दर वेळी ते आठवतं. तिला हे सांगता आलं असतं. मी परीक्षा घेतली.

आता सगळीकडे जॅझ रेकॉर्डींच्या कव्हरांचे हे शर्ट दिसतात. 'ब्लू ट्रेन', 'काइंड ऑफ ब्लू', 'टाइम आउट'. घालणाऱ्यांपैकी किती जण ऐकतात, तो प्रश्न मला आता विचारायचाच नाहीये. मला विचारायचंय की अशा वेळी आपण काय बोलावं? आणि पहिल्यांदा काय ऐकवावं?

विनाइल_वाला:

धागाकर्ते, तुमचा सूर चुकला असेल, पण प्रश्न चुकला असं मला वाटत नाही. माझी बाजू मांडतो.

ड्रमवादक मॅक्स रोचच्या 'वी इन्सिस्ट!'चं कव्हर घ्या. साल १९६०. खानावळीच्या काउंटरवर तीन कृष्णवर्णीय माणसं बसलीत आणि मान वळवून थेट आपल्याकडे बघतायत. काउंटरपलीकडे गोरा वाढपी. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसले होते, त्याचं हे चित्र. आतमध्ये गायिका ॲबी लिंकनचा आवाज आहे. एका भागात तिला शब्दच नाहीत, नुसता आक्रोश आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मधेच बंद करावं लागलं होतं.

आता हे चित्र कुणी 'मस्त जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो' म्हणून अंगावर घालून फिरलं तर मला त्रास होतो. होणारच. ते चित्र सजावटीसाठी काढलेलं नाही. सगळीच कव्हरं अशी नसतात, मान्य. पण जॅझमध्ये चित्र आणि आतलं संगीत यांचं नातं किती घट्ट असू शकतं ते कुणीतरी सांगायला नको का?

चौकट:

मी ग्राफिक डिझाइन करते, त्यामुळे कव्हरच्या बाजूने बोलते.

'आउट टु लंच'चं कव्हर रीड माइल्सचं. १९५६ पासून साधारण दहा-अकरा वर्षं त्याने ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी शेकडो कव्हरं केली. फोटो बहुतेक फ्रान्सिस वुल्फचे. वुल्फ आणि कंपनीचा संस्थापक आल्फ्रेड लायन, दोघेही मूळचे बर्लिनचे. नात्झी राजवटीमुळे अमेरिकेत आलेले. वुल्फ रेकॉर्डिंग चालू असताना फोटो काढायचा, त्यामुळे त्या चेहऱ्यांवर पोज नाही, काम करणाऱ्या माणसाची एकाग्रता आहे.

आणि विनाइल_वाला, हे तुमच्यासाठी: रीड माइल्सला जॅझची फारशी ओढच नव्हती. त्याचा जीव पाश्चात्त्य अभिजात संगीतात. रेकॉर्डमध्ये काय आहे ते तो लायनकडून समजून घ्यायचा आणि कामाला लागायचा. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या कव्हरांवर जीव टाकतो ती घडवणारा माणूसही तुमच्या 'तीन ट्रॅक सांग'ला बहुधा अडखळला असता!

तरीही त्याने संगीत पकडलं. ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डचं 'हब-टोन्स' बघा. काळ्या उभ्या पट्ट्या एका ओळीत आणि त्यातली एकच खाली सरकलेली. ट्रम्पेटची कळ दाबल्यासारखी. बास, एवढंच. लॅरी यंगच्या 'युनिटी'वर ठळक अक्षरांत शीर्षक आणि 'यू' अक्षराच्या पोटात चार नारिंगी ठिपके. वाजवणारे किती? चार. जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम!'वर तर उद्गारचिन्हांची रांगच रांग. 'आता वेळ आली' हे इतक्या वेळा ओरडून सांगितलेलं दुसरं कव्हर मला माहीत नाही.

हे सगळं कुणासाठी होतं? ज्याने ती रेकॉर्ड अजून ऐकलेली नाही त्याच्यासाठी. दुकानात शेकडो रेकॉर्डी उभ्या लावलेल्या असताना बोटं चाळत जातात, ती एका ठिकाणी थांबावीत म्हणून. मंद्र_षड्ज, तुमच्या भाचीची नजर थांबली. कव्हरने ६० वर्षांनंतरही आपलं काम केलं. तिने काहीच चुकीचं केलेलं नाही.

अनवट:

चौकट ताई, अप्रतिम प्रतिसाद. 'युनिटी'चे ठिपके मी कधी मोजले नव्हते. आत्ता उठून बघून आलो.

एकोणीस_पूर्ण:

नमस्कार. इथे नेहमी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी त्या शर्टवाल्या गटातली आहे.

माझ्याकडे 'ब्लू ट्रेन'चा शर्ट आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, बोट ओठांशी, नजर खाली, निळ्या रंगात. तो घेतला तेव्हा मी जॅझ म्हणून काहीच ऐकलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. खरं तर अभ्यास करताना जी संथ बीट्सची गाणी लावायचे त्यात जॅझचे तुकडे भरलेले असतात, ते नंतर कळलं. रॅपर केंड्रिक लमारचा २०१५ चा अल्बम मला पाठ होता आणि त्यात कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन आहे, रॉबर्ट ग्लास्परचा पियानो आहे, तेही नंतर कळलं. आमच्याकडे हे असंच येतं, मागच्या बाजूने. नाव शेवटी कळतं.

माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींचा पहिला जॅझ अल्बम र्यो फुकुई या जपानी पियानोवादकाचा 'सीनरी' आहे. १९७६ चा. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो ना, तसा तो एके दिवशी लागला. पियानोला त्यांनी हात लावला तोच बाविसाव्या वर्षी आणि तेही स्वतःचे स्वतः शिकले, हे वाचल्यावर मला फार धीर आला. मी एकोणीसची आहे आणि सगळे सांगतात की काही शिकायचं तर लहानपणीच.

आता शर्टबद्दल. तुम्हा सगळ्यांकडे रेकॉर्डी आहेत. बारा इंच बाय बारा इंच. आमच्याकडे कव्हर म्हणजे फोनच्या पडद्यावरचा अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन. 'हब-टोन्स'च्या पट्ट्या त्यात दिसत नाहीत. चेहरे दिसत नाहीत. शर्टवर ते चित्र मला पहिल्यांदा मोठं दिसलं. मोजलं तर छापलेला चौकोन जवळजवळ रेकॉर्डएवढाच भरला. आमच्या वाट्याला आलेलं बारा इंची कव्हर हेच आहे. आरशात बघता बघता एक दिवस वाटलं, हा माणूस एवढा कसला विचार करतोय? म्हणून लावलं. सुरुवातीचे ते सूर आणि त्यांना पियानोचं उत्तर, तेवढ्यानेच मी खाली बसले.

मंद्र काका, मलाही एकदा असंच विचारलं होतं. रेकॉर्डींच्या दुकानात, काउंटरमागच्या माणसाने. तेव्हा मला ट्रॅकची नावं येत होती. तरी घशातून आवाज फुटला नाही. त्यानंतर त्या दुकानात गेले नाही. तुमच्या भाचीला तुम्ही परत बोलवाल ना? प्लीज बोलवा.

मंद्र_षड्ज:

एकोणीस_पूर्ण, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. बोलावतो. वचन देतो.

शाई_आणि_जाळी:

मी स्क्रीन प्रिंटिंगचं काम करतो, म्हणून थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

ब्लू नोटची कव्हरं कापडावर इतकी छान का उतरतात, याला कारण आहे. त्यातली पुष्कळशी एक-दोन रंगांतच छापलेली होती, खर्च कमी राहावा म्हणून. काळा आणि सोबत एक निळा, नाहीतर लाल, नाहीतर हिरवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणजे दोन रंग, दोन जाळ्या, संपलं काम. फोटोतल्या करड्या छटा बारीक-मोठ्या ठिपक्यांत फोडायच्या. कागदावर तेच होतं, कापडावर तेच. उलट 'टाइम आउट' किंवा 'मिंगस आ उम' घ्या. ती दोन्ही १९५९ ची, दोन्हींवर नील फुजिताची रंगीत अमूर्त चित्रं. ती शर्टवर नीट उतरवायची तर घाम निघतो.

खराब शर्ट ओळखायचा कसा? हात फिरवा. चौकोन रबराच्या पत्र्यासारखा लागला आणि कापड त्याखाली श्वास घेत नसेल तर तो नुसता चिकटवलेला छाप आहे. पाच-सहा धुण्यांत कोल्ट्रेनच्या गालाला भेगा पडतील. कुणाच्या तरी जुन्या रेकॉर्डचं कव्हर तसंच स्कॅन करून छापलेले शर्टही मी पाहिलेत, आतल्या तबकडीच्या घासण्याने उमटलेल्या गोल वळासकट. चांगला छाप असेल तर उलटा करून गार पाण्यात धुवा आणि इस्त्री छापावर फिरवू नका.

आणखी एक. फोटोचा हक्क, मांडणीचा हक्क आणि कलाकाराच्या नावाचा-चेहऱ्याचा हक्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्तोरस्ती मिळणाऱ्या शर्टांत यातलं काहीच कुणापर्यंत पोचत नाही. यातल्या कित्येक वादकांना हयातीत पुरेसा पैसा मिळाला नाही. परवडत असेल त्याने रीतसर परवाना असलेला शर्ट घ्यावा, एवढं मी मनापासून सांगेन.

विनाइल_वाला:

शाई_आणि_जाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन.

एकोणीस_पूर्ण, तुझ्या दुकानाच्या गोष्टीने मी थांबलो. खरं सांगायचं तर मीही मागच्या बाजूनेच आलो. १९९३ मध्ये अस-थ्री या गटाचं एक रॅप गाणं गाजत होतं. त्यातली पियानोची सुरावट डोक्यातून जाईना. ती जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या १९६४ च्या 'कॅन्टालूप आयलंड'मधून घेतलीय हे कळायला मला वर्ष लागलं, कारण सांगणारं कुणी नव्हतं. त्या वर्षभरात मला कुणी 'मूळ कुणाचं ते सांग बरं' म्हणून विचारलं असतं, तर मी बहुधा तिथेच सोडून दिलं असतं.

पण 'वी इन्सिस्ट!'बद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. आणि ते एकाच रेकॉर्डचं नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १७ ऑगस्ट १९५९ ला बाहेर आली. आठवड्याभराने, २५ ऑगस्टला, तो न्यूयॉर्कमध्ये बर्डलँड क्लबच्या बाहेर हवा खायला उभा होता. आत त्याचाच कार्यक्रम, बाहेरच्या फलकावर त्याचंच नाव. पोलिसांनी 'इथून चालू लाग' म्हणून हटकलं आणि डोकं फोडलं. रक्ताने माखलेल्या कोटातले त्याचे फोटो आहेत. कव्हरवरचा शांत, ट्रम्पेटवर झुकलेला माणूस तोच. शर्ट घाला, जरूर घाला. फक्त केव्हातरी हेही वाचा.

एकोणीस_पूर्ण:

हे मला माहीत नव्हतं. विनाइल काका, हे असं सांगा ना नेहमी. आम्हाला हेच हवं असतं.

अनवट:

मूळ प्रश्न 'पहिल्यांदा काय ऐकवावं' हा होता, त्यावर. आपल्याकडे रागसंगीत थोडंफार कानावर पडलेल्यांना मी नेहमी 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट'पासून सुरुवात करून देतो.

त्यात सुरांचा गुंता नाही. पहिली सोळा आवर्तनं (चार-चार मात्रांची) एकाच स्वरावलीवर आहेत, ज्याला ते डोरियन म्हणतात. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. मग आठ आवर्तनं तोच थाट, फक्त षड्ज अर्ध्या सुराने वर चढवलेला. शेवटची आठ परत मूळ जागी. असे बत्तीस पुन्हा पुन्हा. काफीची चाल किंवा लगाव तिथे शोधू नका, तो राग नव्हे. पण एका स्वरचौकटीत राहून माणूस किती फिरू शकतो हे ऐकायची सवय आपल्या कानाला असतेच. षड्ज वर सरकतो तो क्षण एकदा हाताने दाखवला की ऐकणारा पुढच्या वेळी स्वतः बोट वर करतो. मी पाच-सहा जणांवर करून पाहिलंय. चेहरा खुलतो.

लयीची आवड असेल तर डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीची 'टाइम आउट'. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, तीन आणि दोन. त्याच रेकॉर्डवरचं 'ब्लू राँदो' नऊचं, पण तीन-तीन-तीन नाही, दोन-दोन-दोन-तीन. मांडीवर टाळी देत ऐकावं. 'टेक फाइव्ह' त्यातल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडने रचलं आणि त्याची रॉयल्टी मृत्यूनंतर अमेरिकन रेड क्रॉसला ठेवली. ती आजही तिकडे जाते.

चौकट:

अनवट, सुरेख. मी एक भर घालते. कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'चं कव्हर खूप शर्टांवर असतं. मूळ रेकॉर्ड पुस्तकासारखी उघडणारी होती आणि आत कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली कविता छापलेली. शेवटचा भाग, 'साम' (म्हणजे इंग्रजीतलं 'Psalm', स्तोत्र), त्यात तो ती कविताच सॅक्सोफोनवर वाजवतो, जवळजवळ शब्दागणिक. कवितेवर बोट ठेवून ऐकलं तर ओळ कुठे संपते ते कळतं. शर्टवर आतलं पान येत नाही, ॲपवरही दिसत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी फोटो काढून पाठवावा. 'तीन ट्रॅक सांग' म्हणण्यापेक्षा 'हे घे, आतलं पान' म्हणणं कितीतरी चांगलं.

मंद्र_षड्ज:

मंडळी, काल भाची येऊन गेली.

आधी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ना मामा," पण तिला बरं वाटलं हे दिसत होतं. यायचं म्हणून तिने मुद्दाम साधा शर्ट घातला होता, ते मला पुन्हा लागलं. बोललो नाही.

काटे, पाटी, डॉल्फी, बर्लिन, सगळं सांगितलं. मग कव्हर तिच्या हातात दिलं. मागच्या बाजूची नावं ती बोटाने वाचत गेली. डॉल्फी, हबर्ड, व्हायब्राफोनवर बॉबी हचरसन, बासवर रिचर्ड डेव्हिस, ड्रम्सवर टोनी विल्यम्स. एवढी वर्षं ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे, पण तिच्याकडे बघताना पहिल्यांदा हिशेब केला. टोनी विल्यम्सचा जन्म डिसेंबर १९४५ चा. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो अठरा वर्षांचा होता. तिला म्हटलं, "हा वाजवतोय ना, तो तुझ्या वयाचा आहे."

पहिला ट्रॅक लावला, 'हॅट अँड बियर्ड'. पियानोवादक थेलोनियस मंकसाठी केलेला. पाच आणि चार, अशी नऊ मात्रांची चाल, डॉल्फीच्या हातात बास क्लॅरिनेट. मला वाटलं, तिला जड जाईल. ती जमिनीवर बसली आणि ड्रम्सच ऐकत राहिली. मधेच म्हणाली, "मामा, हा सगळीकडे वाजवत नाही. जागा सोडतो आणि त्या सोडलेल्या जागेत दुसरा कुणीतरी येतो." मी सुई उचलून मागे ठेवली. तो भाग आम्ही चारदा ऐकला. चौथ्या वेळी मला ती म्हणाली ती जागा ऐकू आली.

जाताना विचारत होती, याच ड्रमरचं अजून काय आहे. माझ्या मनात हॅनकॉकच्या दोन आहेत, 'मेडन व्हॉयेज' आणि 'एम्पिरियन आयल्स'. दोन्हींवर तोच आहे. कुठली आधी देऊ?

विनाइल_वाला:

'एम्पिरियन आयल्स'. त्यातच 'कॅन्टालूप आयलंड' आहे. माझ्याकडे दोन प्रती आहेत, एक तिच्यासाठी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उद्याच पाठवतो.